सॅनच्या पेटीला पर्याय कोणता? आभासी सर्व्हरच्या स्टोरेजविषयी वाचकांचे प्रश्न

व्हीएमवेअरच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लायसन्सचे नूतनीकरण आणि जुन्या सॅनची, म्हणजे सर्व सर्व्हरना सामाईक डिस्क पुरवणाऱ्या वेगळ्या पेटीची, संपत आलेली वॉरंटी ही दोन्ही संकटे एकाच आर्थिक वर्षात अंगावर आलेल्या वाचकांची पत्रे या वेळी अधिक आहेत. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज, म्हणजे वेगळी स्टोरेजची पेटी न घेता सर्व्हरमधल्याच डिस्क सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एकत्र बांधून सर्व व्हर्च्युअल मशीनना सामाईकपणे वापरू देण्याची पद्धत, हा त्या बहुतेक पत्रांचा विषय आहे. संस्थांची नावे वगळून निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: आमच्याकडे तीन ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची सर्व्हर प्रणाली) सर्व्हर असून ते एका सॅनला जोडलेले आहेत. चौदा व्हर्च्युअल मशीन चालतात आणि प्रत्यक्ष भरलेला डेटा सुमारे ६ टीबी आहे. एक पुरवठादार प्रॉक्समॉक्स (व्हीएमवेअरला पर्यायी मुक्त प्रणाली) आणि सेफ (मुक्त सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज) घ्या म्हणतो, दुसरा व्हीसॅन (व्हीएमवेअरचे तशाच प्रकारचे स्टोरेज) सुचवतो, तिसरा नवी सॅनच घ्या असे सांगतो. सेफच्या कोटेशनमध्ये प्रत्येक सर्व्हरमध्ये ७.६८ टीबीच्या दोन एसएसडी असून ‘वापरण्याजोगी क्षमता १५ टीबी’ असे लिहिले आहे. हा आकडा खरा मानावा का?
— संगणक विभागप्रमुख, सहकारी पतसंस्था, सांगली जिल्हा

उत्तर: आधी आकड्याचे पाहू, कारण तिन्ही कोटेशनची तुलना त्यावरच अवलंबून आहे. सहा डिस्कची एकूण क्षमता ४६.०८ टीबी होते. सेफमध्ये व्हर्च्युअल मशीनच्या डेटाच्या तीन प्रती ठेवण्याची रीत आहे आणि ती मोडू नये, म्हणून ४६.०८ ला तीनाने भागले की १५.३६ टीबी मिळतात. पुरवठादाराने येथेच थांबून आकडा लिहिला आहे. भागाकार बरोबर आहे, पण एवढी जागा आपल्याला कधीही वापरता येणार नाही.

याचे कारण असे. सर्व्हर तीन आणि प्रतीही तीन असल्यामुळे प्रत्येक सर्व्हरमध्ये प्रत्येक गोष्टीची एक प्रत असणे भाग आहे. आता एका सर्व्हरमधली एक डिस्क गेली, तर तिच्यावरच्या प्रती सेफ त्याच सर्व्हरमध्ये उरलेल्या डिस्कवर पुन्हा तयार करू लागेल, कारण दुसऱ्या दोन सर्व्हरमध्ये त्यांच्या प्रती आधीच आहेत. सर्व्हरमध्ये दोनच डिस्क असतील तर उरलेल्या एकीवर दुप्पट भार येतो. सेफ डिस्क ८५ टक्के भरली की इशारा देते, ९० टक्क्यांना त्या डिस्कवर प्रती हलवणे थांबवते आणि ९५ टक्क्यांना लिखाणच बंद करते. म्हणजे एक डिस्क गेल्यावरही उरलेली ८५ टक्क्यांच्या आत राहावी असे वाटत असेल, तर आज दोन्ही डिस्क ४२.५ टक्क्यांपेक्षा जास्त भरता कामा नयेत. पंधरा टीबीच्या जागी हातात साडेसहा टीबी येतात आणि आपला डेटा आजच सहा टीबी आहे.

याच पुरवठादाराला ७.६८ टीबीच्या दोन डिस्कऐवजी ३.८४ टीबीच्या चार डिस्कचा भाव विचारावा. एकूण क्षमता तेवढीच राहते, पण एक डिस्क गेल्यास तिचा भार तीन डिस्कवर वाटला जातो. त्यामुळे सुरक्षित मर्यादा ६३ टक्क्यांच्या पुढे जाते आणि वापरता येणारी जागा पावणेदहा टीबीच्या आसपास होते. चौथा सर्व्हर घेणे शक्य असेल तर त्याहून उत्तम. तीन सर्व्हरमध्ये एक अख्खा सर्व्हर गेला तर तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही; काम दोन प्रतींवर चालू राहते, पण तो सर्व्हर दुरुस्त होऊन येईपर्यंत प्रणाली स्वतःहून सावरू शकत नाही. चार सर्व्हर असतील तर सावरते, अर्थात उरलेल्या तिघांत तेवढी मोकळी जागा ठेवलेली असेल तरच.

आता निवडीविषयी. सेफचा जन्म कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील सेज वेल यांच्या संशोधनातून झाला, त्यावरचा मुख्य शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे २०१४ मध्ये रेड हॅटने ती सांभाळणारी कंपनी विकत घेतली. प्रणाली मुक्त आहे, परिपक्व आहे आणि प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरून बसवता येते. बसवणे सोपे झाले म्हणून चालवणेही सोपे झाले, असा मात्र अनेकांचा समज होतो. एखादी डिस्क मंदावली, एखादा प्लेसमेंट ग्रुप (डेटाचे तुकडे एकत्र सांभाळणारा गट) अडकला, तर लॉग वाचून अर्थ लावणारा माणूस संस्थेत असावा लागतो किंवा वार्षिक कराराने बांधलेला असावा लागतो. आपल्या विभागात लिनक्सची कमांड लाइन रोज वापरणारे कोणी नसेल आणि कराराची तरतूदही नसेल, तर आमचे मत तिसऱ्या पुरवठादाराच्या बाजूने झुकते. दोन कंट्रोलरची, चार तासांत सुटा भाग आणून देण्याच्या करारासह घेतलेली सॅन हा आजही प्रतिष्ठित पर्याय आहे आणि चौदा मशीनच्या पतसंस्थेला त्यात कमीपणा काहीच नाही.

व्हीसॅन २०१४ पासून बाजारात आहे आणि ते चांगलेच आहे. त्याला तीन सर्व्हर पुरतात. साध्या मिररिंगमध्ये दोन प्रती आणि एक साक्षीदार घटक (बहुमत ठरवणारी छोटी नोंद) ठेवला जातो, त्यामुळे जागाही सेफपेक्षा कमी लागते. परंतु ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली आणि सगळे वर्गणीवर गेले. म्हणून पहिल्या वर्षाच्या भावावर निर्णय घेऊ नये. पाच वर्षांचा, प्रोसेसरचे सर्व कोअर धरून, लेखी हिशेब मागावा. सर्व्हर, डिस्क आणि कंट्रोलर व्हीसॅनच्या प्रमाणित यादीत आहेत का, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

आणखी एक बाब. नवी सॅन घेऊन फक्त व्हीएमवेअर सोडण्याचा विचार असेल, तर प्रॉक्समॉक्समध्ये सामाईक सॅनवर एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कच्या विभागणीची पद्धत) वापरताना स्नॅपशॉटची, म्हणजे मशीनची त्या क्षणीची स्थिती जतन करण्याची, सोय अनेक वर्षे नव्हती. २०२५ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत ती आली, पण चाचणीच्या दर्जाची म्हणून. लेखापरीक्षकांना रोजच्या स्नॅपशॉटचा तक्ता दाखवण्याची आपल्याकडे पद्धत असेल, तर हा मुद्दा करारापूर्वीच निकालात काढावा. ईएसएक्सआयवरून मशीन आयात करण्याची सोय मात्र २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्येच आहे आणि ती विनासायास चालते.

प्रश्न: आमच्या तीस खाटांच्या रुग्णालयात दोनच सर्व्हर आहेत. तिसरा घेण्यास विश्वस्त तयार नाहीत. दोन सर्व्हरवर असे स्टोरेज उभे करता येईल का? एकावर बिलिंग व लॅबचे सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर एक्स-रे व सोनोग्राफीच्या प्रतिमा आहेत.
— प्रशासकीय अधिकारी, नाशिक

उत्तर: येते, पण तिसऱ्या मताची सोय केल्यावरच. दोन सर्व्हरमधली जोडणी तुटली तर प्रत्येकाला दुसरा मेला आहे असेच वाटते. दोघेही एकाच डेटावर स्वतंत्रपणे लिहू लागले, तर नंतर कोणाचे खरे मानायचे हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. म्हणून बहुमत ठरवण्यासाठी एक तिसरा, अगदी लहानसा का होईना, साक्षीदार लागतो. प्रॉक्समॉक्समध्ये त्याला क्यूडिव्हाइस म्हणतात आणि तो कोपऱ्यातल्या एखाद्या छोट्या लिनक्स संगणकावरही चालतो. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत एखादे फाइल शेअर किंवा क्लाउडवरचे खाते साक्षीदार होऊ शकते. हा साक्षीदार त्याच दोन सर्व्हरपैकी एकावर व्हर्च्युअल मशीन म्हणून बसवलेला आम्ही पाहिला आहे. तसे केल्यास तो सर्व्हर जाताना आपल्याबरोबर साक्षीदारालाही घेऊन जातो आणि सगळा खटाटोप व्यर्थ ठरतो.

दोन सर्व्हरवर सेफ बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे नाकारावा. त्यासाठी प्रतींची संख्या दोनवर आणावी लागते आणि किमान प्रत एकवर. त्या स्थितीत एक सर्व्हर बंद असताना उरलेल्या एकमेव प्रतीवर लिखाण सुरू राहते आणि नेमकी त्याच वेळी ती डिस्क गेली तर परतीचा रस्ता नाही.

आपल्या कामाचे स्वरूप पाहता दोन भाग वेगळे करावेत. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा एकदा लिहिल्या की बदलत नाहीत. त्यांना प्रॉक्समॉक्समधील झेडएफएस या फाइल प्रणालीची ठरावीक वेळाने होणारी प्रतिकृती पुरते. तिचा मूळ कालावधी १५ मिनिटांचा असतो आणि तो एका मिनिटापर्यंत खाली आणता येतो. सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या प्रतिकृतीनंतरचे जे असेल ते जाते, एवढे मान्य करावे लागते. प्रतिमांच्या बाबतीत त्या यंत्रात काही दिवस राहतच असल्याने पुन्हा पाठवता येतात. बिलिंग आणि लॅबच्या बाबतीत पंधरा मिनिटेही जाऊन चालणार नाहीत. तेथे डेटाबेसची स्वतःची प्रतिकृती वापरणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी गुंतागुंतीचे आहे. पोस्टग्रेस असो वा एसक्यूएल सर्व्हर, दोन्हींत ती सोय आहे. संपूर्ण डिस्कच दोन्हीकडे एकाच वेळी लिहिली जावी असे हवे असेल, तर डीआरबीडी हा जुना, जाणता मार्ग आहे. २०१० पासून तो लिनक्सच्या गाभ्याचा भाग आहे आणि त्याच्या समकालिक पद्धतीत दोन्ही सर्व्हरवर नोंद झाल्याशिवाय लिखाण पूर्ण झाले असे धरले जात नाही. मायक्रोसॉफ्टचे स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट दोन सर्व्हरवर चालते, पण त्याला विंडोज सर्व्हरची डेटासेंटर आवृत्ती लागते. तिची किंमत ऐकल्यावर विश्वस्त कदाचित तिसऱ्या सर्व्हरला तयार होतील.

प्रश्न: तीन सर्व्हर, प्रत्येकी २ टीबीच्या चार नव्या एनव्हीएमई डिस्क (अतिवेगवान एसएसडी), १० गिगाबिटचा स्विच, त्यावर प्रॉक्समॉक्स आणि सेफ. डिस्कच्या खोक्यावर सेकंदाला ७००० एमबीचा वेग छापलेला आहे. तरीही आमच्या ईआरपीमध्ये (कंपनीच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये) चलन सेव्ह व्हायला जुन्या एका सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागतो. मोठी फाइल कॉपी करताना मात्र वेग चांगला दिसतो. सेटिंगमध्ये काय बदलावे?
— वस्त्रोद्योगातील संगणक व्यवस्थापक, इचलकरंजी

उत्तर: सेटिंगमध्ये बदलण्यासारखे फारसे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आपण पत्रासोबत पाठवलेल्या मॉडेल क्रमांकावरून या डिस्क घरगुती संगणकासाठीच्या आहेत, आणि आपला सगळा प्रश्न तेवढ्या एका वाक्यात आहे.

चलन सेव्ह होते तेव्हा डेटाबेस आपल्या लॉगमध्ये काही किलोबाइट लिहितो आणि ‘हे खरोखर डिस्कवर टिकले आहे ना’ असे विचारून उत्तराची वाट पाहतो. उत्तर आल्याशिवाय तो पुढचे पाऊल टाकत नाही. ही वाट पाहण्याची पद्धत बँकेच्या कॅशियरसारखी आहे: रक्कम तिजोरीत गेल्याशिवाय पावतीवर शिक्का नाही. सर्व्हरसाठीच्या एसएसडीमध्ये लहान कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी डिस्कच्या अंतर्गत मेमरीतला डेटा कायम चिपवर उतरवण्याइतकी ऊर्जा त्यांत साठलेली असते, त्यामुळे अशी डिस्क मेमरीत डेटा पोचताच निर्धास्तपणे ‘टिकले’ असे उत्तर देऊ शकते. घरगुती डिस्कमध्ये कपॅसिटर नसतात. तिला प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर डेटा प्रत्यक्ष चिपवर लिहावाच लागतो आणि त्याला अनेकदा मिलिसेकंदाच्या घरात वेळ जातो. एका लिखाणाला २ मिलिसेकंद लागले, तर एकामागून एक अशी सेकंदाला पाचशेच लिखाणे होतील. खोक्यावर कोणताही वेग छापलेला असो. सेफमध्ये तर हे लिखाण तीन सर्व्हरवर होते आणि तिन्हींचे उत्तर आल्यावरच डेटाबेसला होकार मिळतो, म्हणजे त्या क्षणी सर्वांत मंद असलेल्या डिस्कचा वेग हाच सगळ्यांचा वेग. मोठी फाइल कॉपी करताना असंख्य लिखाणे एकाच वेळी वाटेवर असतात, म्हणून तेथे हे दुखणे दिसत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर एक डिस्क क्लस्टरमधून (एकत्र बांधलेल्या सर्व्हरांच्या समूहातून) रीतसर बाहेर काढावी आणि एफआयओ या साधनाने तिची चाचणी घ्यावी: ४ केबीचे लिखाण, एकच काम, रांगेची खोली एक (म्हणजे एका वेळी एकच लिखाण वाटेवर), थेट आणि समकालिक, कालावधी किमान एक मिनिट. ही चाचणी डिस्कवरचा डेटा पुसते, हे विसरू नये. सेकंदाला लिखाणांचा जो आकडा येईल तो जालावर छापलेल्या कोणत्याही तुलनात्मक लेखापेक्षा आपल्या ईआरपीविषयी जास्त सांगेल. कपॅसिटर असलेल्या चांगल्या डिस्कवर हाच आकडा हजारोंच्या घरात, बहुधा दहा हजारांच्या पुढे जातो.

दुसरी गोष्ट आयुर्मानाची. २ टीबीच्या घरगुती डिस्कला उत्पादक साधारणपणे १२०० टीबी लिखाणाची हमी देतात. सर्व्हरसाठीची १.९२ टीबीची, दिवसाला एकदा पूर्ण लिहिता येईल अशा दर्जाची डिस्क पाच वर्षांत सुमारे ३५०० टीबी सोसते. आपल्याकडे प्रत्येक लिखाण तीनदा होते आणि सेफच्या स्वतःच्या नोंदींचे लिखाण वेगळेच. डिस्कच्या आरोग्याच्या स्मार्ट नोंदीत किती टक्के आयुष्य वापरले गेले ते पाहून ठेवावे; बाराही डिस्क एकाच दिवशी बसवल्या असतील तर त्या थकतीलही जवळपास एकाच सुमारास.

उपाय डिस्क बदलण्याचाच आहे आणि तो काम न थांबवता करता येतो. एका वेळी एकच डिस्क बाहेर काढावी, नवी बसवावी, प्रती पुन्हा पूर्ण होऊन क्लस्टर निरोगी असल्याचा संदेश येईपर्यंत थांबावे आणि मगच पुढच्या डिस्कला हात लावावा. नव्या सर्व्हर डिस्कचा खर्च झेपत नसेल, तर नव्वद टक्के आयुष्य शिल्लक असलेल्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क आम्ही नव्या घरगुती डिस्कपेक्षा निःसंकोच पसंत करू. काढलेल्या डिस्क वाया जात नाहीत. कार्यालयातल्या संगणकांत त्या उत्तम चालतील, त्यांची जागा तीच आहे.

तोवर एक मोह टाळावा. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कच्या सेटिंगमध्ये कॅशचा ‘असुरक्षित’ नावाचा पर्याय आहे. तो निवडताच चलन चटकन सेव्ह होऊ लागेल, कारण डेटाबेसचा ‘टिकले ना’ हा प्रश्न डिस्कपर्यंत पोचणारच नाही. पर्यायाचे नाव ठेवणाऱ्याने काहीही लपवलेले नाही.

प्रश्न: सर्व्हरमध्ये बॅटरीसह चांगले रेड कार्ड (अनेक डिस्क जोडून एक करणारे कार्ड) आहे. आधी रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) करून त्यावर सेफ किंवा झेडएफएस बसवले तर दुहेरी संरक्षण मिळेल का?
— शासकीय कंत्राटदाराकडील अभियंता, अमरावती

उत्तर: मिळणार नाही, उलट असलेले कमी होईल. या दोन्ही प्रणालींना प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे दिसली पाहिजे. तरच त्या कोणती डिस्क खोटा डेटा देते ते ओळखून दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्ती करू शकतात. रेड कार्डाने अनेक डिस्कची एक डिस्क करून दाखवली की ती दृष्टी जाते आणि कार्ड गेले की अख्खा सर्व्हर जातो. कार्डात एचबीए मोड (प्रत्येक डिस्क जशीच्या तशी दाखवणारी पद्धत) असेल तर तो चालू करावा. नसेल तर साधे एचबीए कार्ड घ्यावे. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी दोन लहान डिस्कचा मिरर वेगळा ठेवावा.

प्रश्न: आमच्या हॉटेलच्या सर्व्हर खोलीत १ गिगाबिटचा २४ पोर्टचा चांगला स्विच आहे. तीन सर्व्हरच्या स्टोरेजसाठी तोच वापरू का? नाही तर नेमका कोणता घ्यावा आणि त्यात काय सेट करावे?
— आयटी पर्यवेक्षक, मडगाव

उत्तर: १ गिगाबिटच्या वाहिनीतून सेकंदाला फार तर ११५ एमबी जातात. साधी साटा एसएसडी एकटीच सेकंदाला ५०० एमबीहून अधिक देते. एका सर्व्हरमध्ये गेलेली ४ टीबीची प्रत या वाहिनीतून पुन्हा तयार करायची म्हटली तर, दुसरे काहीही न चालवता, साडेनऊ तासांच्या पुढे जातील. आणि तेवढ्या वेळात पाहुण्यांच्या चेक-इनचे सॉफ्टवेअर त्याच वाहिनीतून चालायचे आहे. म्हणून साटा एसएसडीसाठी १० गिगाबिट हे किमान धरावे आणि एनव्हीएमई असेल तर २५. सर्व्हर तीनच आहेत, त्यामुळे प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन पोर्टचे कार्ड घेऊन तिघांना परस्परांशी थेट केबलने जोडण्याचा मार्गही आहे. त्यात स्विच लागतच नाही. चौथा सर्व्हर येण्याची शक्यता नसेल तर हा मार्ग लहान जागेसाठी उत्तम.

जुना स्विच टाकून देऊ नये. प्रॉक्समॉक्सच्या सर्व्हरांची आपसातली हजेरी कोरोसिंक नावाचा घटक घेत असतो. त्याला बँडविड्थ नगण्य लागते, पण विलंब अजिबात सहन होत नाही. स्टोरेजची मोठी वाहतूक त्याच वाहिनीत सोडली की डिस्क बदलण्याच्या दिवशी, म्हणजे नको त्याच दिवशी, हजेरीचे संदेश अडकतात. एखादा धडधाकट सर्व्हर मृत समजला जातो आणि अतिउपलब्धतेची यंत्रणा (मृत सर्व्हरवरची मशीन दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी) चालू असेल तर तो स्वतःला रीबूट करून घेतो. हजेरीसाठी हा जुना स्विच स्वतंत्रपणे ठेवावा आणि दुसरा मार्ग म्हणून स्टोरेजची वाहिनी जोडावी.

जम्बो फ्रेम, म्हणजे ९००० बाइटचा एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा कमाल आकार), लावायचा असेल तर तो सर्व कार्डांवर, ब्रिजवर आणि स्विचच्या प्रत्येक पोर्टवर लावावा किंवा कोठेच लावू नये. एका पोर्टवर राहून गेला तर लहान पिंग (जोडणी तपासण्याचे संदेश) व्यवस्थित जातात, क्लस्टर वरवर ठीक दिसते आणि मोठे लिखाण मध्येच लटकते. तपासणीसाठी तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक सर्व्हरवरून प्रत्येक सर्व्हरला पाठवून पाहावा. तिन्ही जोड्यांत, दोन्ही दिशांनी गेला तरच काम पूर्ण झाले समजावे.

प्रश्न: २०१८ साली ग्लस्टर या मुक्त स्टोरेज प्रणालीवर उभारलेले स्टोरेज अजून चालू आहे. तसेच ठेवावे का?
— सॉफ्टवेअर सल्लागार, कोल्हापूर

उत्तर: चालू आहे म्हणून आज रात्री घाई करू नये, पण पुढच्या खरेदीत ते राहू नये. रेड हॅटने २०११ मध्ये विकत घेतलेल्या या प्रणालीच्या व्यावसायिक आवृत्तीचा आधार २०२४ च्या अखेरीस संपला आणि प्रॉक्समॉक्सनेही नवव्या आवृत्तीत तिची साथ सोडली.

प्रश्न: व्हर्च्युअल मशीनमधून २०० जीबीच्या फाइल काढून टाकल्या, तरी सेफमधली वापरलेली जागा कमी होत नाही. तसेच सेफ व मशीन एकाच सर्व्हरवर असताना मेमरी किती राखून ठेवावी?
— सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर, डोंबिवली

उत्तर: मशीनच्या आत फाइल पुसली गेली हे खालच्या स्टोरेजला आपोआप कळत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये त्या डिस्कचा ‘डिस्कार्ड’ पर्याय चालू करावा, डिस्क व्हर्टआयओ स्कझी प्रकारच्या कंट्रोलरवर असावी आणि मशीन एकदा पूर्ण बंद करून सुरू करावे. नुसते रीबूट पुरत नाही. त्यानंतर लिनक्समध्ये एफएसट्रिम चालवावे, विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह’. जागा परत मिळेल. जुने स्नॅपशॉट अडकून पडले असतील तर मात्र ते काढल्याशिवाय मिळणार नाही, आणि आमच्या अनुभवात निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच निघते.

मेमरीबाबत: सेफ प्रत्येक डिस्कच्या प्रक्रियेसाठी ४ जीबीचे लक्ष्य धरते. ही सक्त मर्यादा नव्हे. प्रती सावरण्याच्या वेळी ती ओलांडली जाते. चार डिस्कच्या सर्व्हरला २४ जीबी सेफसाठी बाजूला ठेवावेत. उरलेल्या मेमरीचा हिशेब एक सर्व्हर बंद आहे असे धरूनच करावा, म्हणजे तीन सर्व्हरची सर्व मशीन दोघांत मावली पाहिजेत.

प्रश्न: आमच्याकडे वीज वारंवार जाते. यूपीएस आहे, जनरेटर हाताने सुरू करावा लागतो. मागच्या वेळी वीज गेली तेव्हा तिन्ही सर्व्हर चालू असूनही सर्व मशीन गोठली. वीज आल्यावर सगळे पूर्ववत झाले, पण कारण कळले नाही. शिवाय तीन प्रती असल्यामुळे वेगळा बॅकअप बंद करावा, असे प्राचार्यांचे म्हणणे आहे.
— संगणकशास्त्र विभाग, महाविद्यालय, लातूर

उत्तर: आपल्या पत्रातल्या खोलीच्या आराखड्यात सर्व्हर यूपीएसवर आहेत आणि स्विचची केबल शेजारच्या भिंतीवरच्या साध्या पॉइंटला गेलेली आहे. वीज गेली तेव्हा सर्व्हर जिवंत राहिले, स्विच गेला. तिन्ही सर्व्हर एकमेकांना दिसेनासे झाले, सेफच्या मॉनिटरांचे (क्लस्टरची स्थिती ठरवणाऱ्या घटकांचे) बहुमत मोडले आणि डेटा बिघडू नये म्हणून तिने सर्व लिखाण-वाचन रोखून धरले. मशीन गोठली ती त्यामुळे. प्रणाली जशी वागायला हवी तशीच वागली. स्विच आजच यूपीएसवर घ्यावा आणि त्याला दोन वीजजोड असतील तर दोन्ही एकाच यूपीएसला देऊ नयेत.

प्राचार्यांना असे सांगावे की तीन प्रती डिस्क गेल्यास उपयोगी पडतात. विद्यार्थ्याने किंवा आपणच चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून त्याच क्षणी पुसली जाते आणि रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइलही तिन्हीकडे तशीच लिहिली जाते. बॅकअप वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पासवर्डखाली आणि शक्यतो वेगळ्या इमारतीत असावा. प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप सर्व्हर २०२० पासून उपलब्ध आहे आणि विभागातल्या जुन्या सर्व्हरवर मोठ्या हार्ड डिस्क टाकून तो चालवता येईल. महिन्यातून एकदा एखादे मशीन त्यातून परत उभे करून पाहावे; परीक्षेच्या निकालाचे मशीन त्यासाठी योग्य आहे, कारण बिघाड झाला तर पहिली विचारणा त्याचीच होते.

दीर्घ भारनियमनाच्या वेळी जनरेटर सुरू होण्याची वाट न पाहता क्लस्टर रीतसर बंद करण्याची सवय ठेवावी. प्रथम सर्व व्हर्च्युअल मशीन बंद करावीत. मग सेफमध्ये ‘नोआउट’, ‘नोरिकव्हर’, ‘नोरिबॅलन्स’, ‘नोबॅकफिल’ आणि ‘नोडाउन’ ही निशाणे लावावीत, म्हणजे सर्व्हर एकेक करून बंद होत असताना सेफ प्रती इकडून तिकडे हलवू लागणार नाही. मुळात एखादी डिस्क दहा मिनिटे दिसली नाही की सेफ हे काम सुरू करते. शेवटी ‘पॉज’ (सर्व लिखाण-वाचन थांबवणारे निशाण) लावून सर्व्हर एकामागून एक बंद करावेत. सुरू करताना आधी स्विच, मग तिन्ही सर्व्हर, नंतर सर्व डिस्क उपस्थित असल्याची खात्री, त्यानंतर ही सर्व निशाणे काढणे आणि सर्वांत शेवटी मशीन. ‘पॉज’ काढले, पण बाकीची निशाणे काढायचे विसरले तर सगळे वरवर सुरळीत चालते, आणि पुढच्या महिन्यात डिस्क गेल्यावर तिच्या प्रती का तयार होत नाहीत याचा शोध सुरू होतो. म्हणून हा क्रम छापून सर्व्हरच्या रॅकच्या दारावर आतून चिकटवावा आणि प्रत्येक पायरीसमोर खूण करण्यासाठी चौकोन ठेवावा.